पाठमोरी

पडद्यावर डाळिंबं निवडणाऱ्या बाया दिसत होत्या. प्रत्येकीभोवती एक चौकट. हात चालू असला की हिरवी, थांबला की लाल.

"मुकादमाची गरजच न्हाय," राजवर्धन म्हणाला. "कोण काम करतंय, कोण नुसतं बसून हाय, यंत्रच सांगतं."

कळंबच्या वाचनालयात रविवारी भरणारा हा विचारकट्टा त्याच्या बायकोनं, माधवीनं सुरू केला होता. आजचा विषय 'यंत्राची नजर'. उदाहरण म्हणून राजवर्धननं स्वतःच्या पॅकिंग शेडमधलं चित्रण आणलं होतं. शेडच्या फाटकावर कॅमेरा बसवलाय, एवढंच माधवीला ठाऊक होतं. हा आतला होता.

पडद्यावरची एक बाई उठली. झोळीतलं रडणारं पोर तिनं उचललं. दारात गडी टेम्पो भरत होते. त्यांच्याकडं पाठ करून ती भिंतीकडं तोंड करून बसली आणि पदर सारून पोराला पाजू लागली. कॅमेरा त्याच भिंतीवर होता.

सारजा होती ती. तिच्याभोवतीची चौकट लाल झाली.

मागं कुणीतरी खाकरलं. कुणी नजर वळवली नाही.

"बंद करा ते!" माधवी ओरडली.

राजवर्धननं बटण दाबलं. चित्र थांबलं, पण पडद्यावरून गेलं नाही.

"हाच तर चर्चेचा मुद्दा," आप्पासाहेब म्हणाले. ते निवृत्त मुख्याध्यापक, कट्ट्याचे अध्यक्ष. "परवानगी घ्यावी का घेऊ नये? दोन्ही बाजू ऐकू."

"शेड मालकाची, कॅमेरा मालकाचा. परवानगी कसली?" मागून एकजण म्हणाला.

पुढच्या रांगेत सारजाचा दीर सौरभ बसला होता. कॉलेजात शिकणारा, कट्ट्यावर हटकून बोलणारा. माधवीनं त्याच्याकडं पाहिलं. तो उठला. आता हा पडदा फाडेल, असं तिला वाटलं.

"माझ्या मते," सौरभ खाली बघत म्हणाला, "चेहरा झाकला असता तर प्रश्न आला नसता."

माधवीनं जाऊन वायर उपटली. पडदा पांढरा झाला.

"दोन्ही बाजू म्हणता आप्पासाहेब, तिच्या बाजूनं कोण आलंय इथं?"

"माधवी, चारचौघांत तमाशा नको," राजवर्धन दबक्या आवाजात म्हणाला.

"तमाशा तुम्ही मांडलात. माणसं बसवून."

ती माणसं बसवायला खुर्च्या सकाळी तिनंच मांडल्या होत्या. ते आठवून तिला स्वतःचाही संताप आला. चप्पल पायात सरकवून ती तडक बाहेर पडली. मागं आप्पासाहेब म्हणत होते, "भावनेच्या भरात जाऊ नये. हं, पुढचा मुद्दा."

दुसऱ्या दिवशी बाया यायच्या आधी माधवी शेडवर गेली. गड्याला शिडीवर चढवून तिनं तो कॅमेरा काढायला लावला. सारजा पोराला काखेत घेऊन आली, तेव्हा माधवीनं तिला बाजूला नेलं आणि सगळं सांगितलं.

सारजा भिंतीतल्या स्क्रूच्या भोकांकडं बघत राहिली.

"गड्यांनी बघू नये म्हनून मी हितं तोंड करून बसायची," ती म्हणाली. "रोज."

"चुकलं आमचं, सारजा."

"समद्यांनी बघितलं?"

"हो."

"आन मंग बोलत बसले?"

"दोन्ही बाजू मांडत."

"माजा दीर बी असतो तितं. त्यो काय बोलला?"

खोटं सांगावं, असं क्षणभर माधवीच्या मनात आलं. पण तिनं खरं तेच सांगितलं.

सारजाचा चेहरा रागानं तांबडालाल झाला. तिनं पोराला दुसऱ्या काखेत घेतलं, पदर कमरेला घट्ट खोचला आणि आली त्या वाटेनं घराकडं निघाली.

"सारजा, कुठं चाललीस?"

"घरी," ती न वळता म्हणाली. "उठला नसंल अजून. जाऊन सांगते, आता तोंड तू झाक."