बारा गाड्या

कमरेला दोर बांधून आबांनी दुसऱ्यांदा हिसका दिला. एकमेकींना जोडलेल्या, जत्रेकऱ्यांनी खचाखच भरलेल्या बारा बैलगाड्या तसूभरही हलल्या नाहीत.

विज्ञान शिकवणारी त्यांची लेक गर्दीतून पुढं आली. आबा खंडोबाचे भगत; भगतानं गाड्या एकट्यानंच ओढायच्या. माणसं उतरवा म्हणणं म्हणजे त्याची नाचक्की.

शेवटच्या दोन गाड्यांत तिचाच नववीचा वर्ग होता. ती तिकडे धावली. "बल वाढत नाहीये, पण त्वरण हवंय. काय कराल?"

"वस्तुमान कमी, मॅडम!"

"मग नुसतं तोंडानं काय सांगता?"

पोरं गुपचूप मागच्या मागं उतरली. "येळकोट येळकोट!" गाड्या निघाल्या.

देवळापाशी आबा धापा टाकत म्हणाले, "पोरी, यंदा देव स्वतः मागं उभा होता गं."

भंडाऱ्यानं पिवळी झालेली पोरं हसू दाबत होती.

"होय आबा," ती म्हणाली, "मी बघितला."