पुठ्ठ्याचा पूल

"बाबा, तुम्ही आखलेल्या पुलावरून सगळी शाळा जाते, मग मलाच का नाही हो जाऊ देत?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून रविवारी जेवता जेवता लेकीने विचारूनच टाकलं. शाळेसमोरचा पादचारी पूल बाबांचा; पण तिला सोडायला ते रोज लांबच्या सिग्नलवरून वळसा घालत.

"आगाऊ कुठली! जेव गुपचूप," आई म्हणाली.

तेवढ्यात बाबांच्या टेबलावर 'टिक्' वाजलं. तिथे पुलाची छोटी प्रतिकृती होती. नुसता पुठ्ठा आणि डिंक, औषधालासुद्धा खिळा नाही. तरी प्रतिकृतीखाली तांदळाएवढा लोखंडी बोल्ट पडला होता. बाबांनी तो उचलून खणात टाकला, तर खण खुळखुळला.

तिने खण ओढला. आत तसलेच मूठभर बोल्ट होते आणि त्यांच्याखाली पुलाचं ड्रॉइंग. सांध्यापाशी लिहिलेलं 'चार बोल्ट' खोडून 'दोन' केलेलं. खाली बाबांची सही.

"साहेबांना घाई होती गं," बाबा म्हणाले. "दोनही पुरतात. पुरायला हवेत."

टिक्.

तिने वाकून पुठ्ठ्याला कान लावला. आत, खूप दुरून, शाळा सुटल्यावर होते तशी पायांची धडधड येत होती. आणि त्यात पैज लावणाऱ्या तिघींचं ओळखीचं खिदळणं.

ती ताठ उभी राहिली.

"बाबा, उद्यापासून मीही पुलावरूनच जाणार. रोज. तुम्ही तो बंद करायला लावेपर्यंत."