ओली भिंत

कोलूने खांद्यावरची कुदळ उतरवली आणि तो दारातच थांबला. बांधावरचा चिखल त्याच्या पोटऱ्यांवर वाळून तडकला होता. घराच्या भिंती मात्र ओल्या होत्या.

सकाळी तो शेतावर निघाला तेव्हा त्या भिंतींवर हिवतापाच्या फवारणीचे पांढुरके ओघळ होते. आता एकही उरला नव्हता. कुडाच्या चारही भिंतींवर शेणमातीचा गडद, गुळगुळीत थर चढला होता, आणि त्यावर त्याच्या आईच्या बोटांच्या कमानी एकीवर एक उमटत गेल्या होत्या. रुखमाबाई शेवटच्या कोपऱ्यात उकिडवी बसून अजून हात फिरवत होती.

"माय, हे काऊन केलं?"

"उद्या पोरीचं नाव ठेवाचं हाय. पावणे येतीन."

"पाऊस सरेपर्यंत भिंतीले माती लावू नका, असं ते फवारणीवाले तुह्या तोंडावर सांगून गेले. औषधावर बसला त मच्छर मरते. आता कायच्यावर बसन? तुह्या शेणावर?"

"त्याईचं काय जाते सांगाले. वासानं डोकं फुटून राह्यलं होतं माहं. तू त त्याईच्या मांगं मांगं बकरीवानी फिरे. सरकारचं पाणी गोड लागते तुले, मायची माती नाई लागत."

आतल्या खाटेवर सुकरी लेकीला पाजत होती. तिने वर पाहिले, नवऱ्याचा चेहरा पाहिला, आणि पदर मुलीच्या अंगावर ओढून घेतला. घरात एकच मच्छरदाणी होती. मागच्या पावसाळ्यात मुलाला, पवनला, तिच्यातच गुंडाळून पुरायला नेले. नवी घेणे जमले नव्हते. फवारणी फुकट होती.

"पवनच्या टायमाले बी तूच फवारणीवाल्याईच्या तोंडावर दार लावून घेतलं होतं," कोलू म्हणाला. "देव्हारा बाटते म्हणून. अन पोराच्या मगजात ताप गेला."

रुखमाबाईचा हात भिंतीवरच थांबला.

"गेला तो याच भिंतीले नखं घासत गेला," ती म्हणाली. "त्याचं मरण हाय हिच्यात. त्याच्यावर माती नाई ओढाव, त हे पोर कोठी ठेवाव? सांग ना."

कोलूने आढ्यातले खुरपे ओढून काढले आणि भिंतीवर चालवले. ओली माती लांबलचक सालीसारखी सुटून खाली पडली. त्याने पुन्हा ओढले, पुन्हा ओढले. खालून औषधाचे ओघळ निघतील असे त्याला वाटत होते. निघाली ती जुनी, कोरडी, पिवळी माती.

"औषध बी तिच्यासंगंच खाली पडून राह्यलं," सुकरी हळूच म्हणाली. "खरवडून काय होईन?"

ते ऐकून त्याने खुरपे फेकले आणि दारातली कुदळ उचलली.

रुखमाबाई उठली, भिंतीला पाठ लावून दोन्ही हात पसरून उभी राहिली. "मार," ती म्हणाली. "माह्यावर मार, भिंतीवर नको." त्याने तिला दंडाला धरून हिसकले. तिने त्याच्या मनगटाला चावा घेतला, आणि दात सोडले नाहीत. मग त्याचा मोकळा हात तिच्या तोंडावर बसला. एकदा, आणि दुसऱ्यांदा, जेव्हा त्याची काहीच गरज नव्हती. ती उंबऱ्यावर आपटली. कपाळाचे कातडे उघडले आणि रक्त भुवईवरून डोळ्यात उतरले.

पहिल्या घावाला माती फुटली. दुसऱ्याला आतला बांबू कडाडला. त्यानंतर तो थांबूच शकला नाही. जणू त्या कुडात कोणी दडून बसले होते आणि तो त्याला ओढून बाहेर काढणार होता. बांबूच्या चिपा उडाल्या, एक सुकरीच्या पायाशी येऊन पडली, मूल किंचाळून रडू लागले. आणि मग कुदळ कशालाच न लागता पलीकडे गेली.

भिंतीला माणूस मावेल एवढे भोक पडले होते. त्यातून मागचे डबके दिसत होते, डबक्यापुढचे धानाचे बांध, आणि त्यांच्यावर उतरत असलेली संध्याकाळ. कोलू धापा टाकत भोकातून बाहेर पाहत राहिला. प्रथम डासांची बारीक गुणगुण ऐकू आली सुकरीला. ती मुलीला घेऊन सर्वांत लांबच्या कोपऱ्यात सरकली. पण ते घर एकाच खोलीचे होते.

रुखमाबाई उठली. कोणाकडेही न पाहता तिने लुगड्याचा पदर सोडला, मोडक्या बांबूंच्या टोकांना त्याची दोन टोके अडकवली आणि भोकाचा वरचा भाग झाकला. खालचा उरला. तिथे ती बाहेरच्या अंगाला पाठ करून बसली. उघडी, सुरकुतलेली पाठ भोकात नीट बसेपर्यंत थोडी डावीकडे सरकली, थोडी उजवीकडे.

"हट तिथून, माय," कोलू म्हणाला.

"मले चावू दे. पोट भरलं का जातीन ते."

अंधारून येत होते. तिच्या खांद्यावर एक डास बसला, मग मानेवर दुसरा, आणि कपाळावर, रक्ताच्या कडेला, तिसरा. तिने एकही हाकलला नाही. कोलू तिच्यासमोर उकिडवा बसला. मग कपाळावरच्या डासाला मारायला त्याने तळहात उचलला.

रुखमाबाईने डोळे गच्च मिटले आणि मातीचे दोन्ही हात डोक्यावर घेतले.

त्याचा हात तसाच वर राहिला. तिच्या बोटांच्या फटीतून तो डास दिसत होता, सावकाश लाल होत जाणारा.