रविवारचं वजन

"जड लागली का हो?"

जिन्याच्या तळाशी उभ्या असलेल्या बायकोने विचारलं. निरीक्षक गच्चीवरून उतरत होते. "चांगली जड आहे," ते म्हणाले. "मागच्या रविवारी होती तेवढीच."

"मग वाढते," म्हणून ती आत गेली.

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी त्यांना सगळे निरीक्षकच म्हणत. उभी हयात वजनमापे खात्यात गेली होती. कुणी पारड्याखाली ओली माती चिकटवलीय, कुणी वजनाचं बूड पोखरलंय, हे त्यांना दुकानाच्या पायरीवरूनच कळायचं. किलोभर वस्तू नुसती हातात घेऊन दहा ग्रॅमची लबाडी पकडतात अशी त्यांची ख्याती होती, आणि ती पसरवण्यात त्यांचा स्वतःचा वाटा बराच मोठा होता. जेवताना हे किस्से ऐकून ऐकून बायकोचे कान किटले होते.

गच्चीवरची मधमाश्यांची पेटी लेकीची. तिने स्वतः रंधा मारून केलेली. तिचं पाळणंच वेगळं होतं. धूर द्यायचा नाही, सारखं झाकण उघडायचं नाही, मध काढायचा नाही. "बाबा, त्यांचं त्यांना कळतं. आपण फक्त चांगले शेजारी व्हायचं," असं म्हणायची.

दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात, आई औषधं आणायला खाली गेली असताना, तिने पेटी बापाच्या हवाली केली. "थंडीत उघडू नका. खालचा कचऱ्याचा कप्पासुद्धा नको, गार वारा शिरतो. दर रविवारी मागून जराशी उचलून बघा. जड असली म्हणजे आत मध आहे. हलकी लागली तर मात्र साखरेचा पाक द्या, नाहीतर उपाशी मरतील. तुमच्या हातासारखा काटा दुसरा कुठे मिळणार?"

ती गेल्याला आता सहा महिने झाले होते. घरात तिचं नाव निघत नसे. निघालंच तर दोघांपैकी एक जण उठून जाई. बोलणं व्हायचं ते पेटीबद्दल, तेही रविवारी, त्या एका प्रश्नापुरतं. बायको वर येत नसे. गुडघ्यांमुळे तिला जिना चढवत नव्हता.

थंडी पडू लागली तेव्हा एका रविवारी पेटी हलकी लागली होती. खाली येऊन निरीक्षक एवढंच म्हणाले, "हलकी झाली गं," आणि ताट सरकवून भिंतीकडे तोंड करून पडले. त्या दिवशी पोटात अन्नाचा कण नाही. लेकीचं एवढं एकच मागे उरलं होतं, आणि तेही हातातून चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते दोन किलो साखर घेऊन आले. पण दोनदा तोलल्याशिवाय नोंद करायची नाही, ही जुनी खोड. वर जाऊन त्यांनी पेटी पुन्हा उचलली. जड होती.

त्यांनी स्वतःलाच चार शिव्या घातल्या. काल हात चुकला, दुसरं काय. वय झालं. खाली येऊन साखरेची पिशवी बायकोला दिली.

"एवढी कशाला?" तिने विचारलं.

"असू दे घरात. पेटी जड आहे. कालचं माझंच चुकलं."

त्या संध्याकाळी ते दोन घास जास्त जेवले. बायको समोर बसून बघत राहिली.

त्यानंतर थंडीभर पेटीचं वजन रतीभरही घटलं नाही. लेकीच्या माश्या, लेकीसारख्याच काटकसरी, असं ते म्हणत. त्या वजनावरच ते जगत होते. रोज दाढी करू लागले, पुन्हा पेपर वाचू लागले.

बाकी कुरबुरी बारीकसारीक. रविवारी सकाळी बायकोच्या गुडघ्यांच्या मलमाचा वास घरभर यायचा. थंडीच तशी होती. अंगणातल्या गुलाबाच्या वाफ्याभोवतीचे पांढरे गोटे एकेक करून नाहीसे होत होते. निरीक्षकांचा संशय शेजारच्या कुत्र्यावर होता. लेकीचा निळा मफलर बायको उशाखाली घेऊन झोपायची, तोही दिसेनासा झाला. त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर दोघांनाही रडू आलं असतं.

उन्हं तापू लागली, झाडं फुलली, तरी पेटीच्या दाराशी एकही माशी फिरकेना. शेवटी एका रविवारी निरीक्षकांनी पेटीवाल्याला बोलावलं. लेकीला पहिल्या माश्या त्यानेच दिल्या होत्या. त्याने झाकण काढलं आणि आत वाकून पाहिलं.

"काका, पोळं कोरडं आहे," तो म्हणाला. "सगळ्या मेल्यात."

मुठीएवढा घोळका पोळ्याला तसाच चिकटून राहिला होता. प्रत्येक माशीचं डोकं एकेका रिकाम्या घरात खुपसलेलं होतं.

"उपाशी मेल्या की अशाच मरतात. शेवटचा थेंब शोधत. दोन महिने तरी झाले असतील. पाक नव्हता दिला?"

"कसला पाक? पेटी जड आहे," निरीक्षकांचा आवाज चढला. "माझा हात चुकत नाही. तू उचलून बघ."

पेटीवाल्याने मागून पेटी उचलली आणि गोंधळला. आत थेंबभर मध नव्हता, पण पेटी खरोखरच जड होती. मग त्याने वाकून खालचा कप्पा ओढला. तो सहज सरकेना. दोन्ही हात लावावे लागले.

आत निळा मफलर होता, आवाज होऊ नये म्हणून दुहेरी घडी घालून अंथरलेला. त्यावर पांढरे गोटे, लहानमोठे, कडेपासून कडेपर्यंत ओळीने लावलेले.

निरीक्षक गच्चीच्या फरशीवर बसले. मफलरचं एक टोक त्यांनी मुठीत धरलं.

जिन्याच्या तळाशी पावलं वाजली.

"जड लागली का हो?"

पेटीवाला त्यांच्याकडे बघत होता. निरीक्षकांनी त्याला हातानेच गप्प राहायला सांगितलं.

"चांगली जड आहे," ते म्हणाले. "तू वाढ."