राणीच्या नावावर

जनकाबाईच्या धाकट्या पोराचं, बुद्धभूषणचं लग्न झालं त्या साली, म्हणजे २०२३ मध्ये, दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी शंकरसिंगचा राग अनावर झाला. समोर जनकाबाई उभी होती आणि राणी आजही आली नव्हती.

गोरेगाव या खेड्यात बाजाराच्या ओट्यांमागं दर रविवारी सकाळी शंकरसिंगचा कराटेचा वर्ग भरे. सोळा वर्षांच्या आतल्या लेकरांचा. वहीत जनकाबाईची नात म्हणून राणीचं नाव होतं, पण राणीचं तोंड त्यानं अजून पाहिलं नव्हतं. तिच्याऐवजी ही आजी जीपनं यायची, पदर कमरेला खोचून ओळीत उभी राहायची आणि सगळं शिकून परत जायची.

"आजी, पोरगी काहून आली न्हाई?"

"तिला येता येत न्हाई."

"आठ रविवार झाले. तुमी एकट्याच येऊन राहिल्या."

"मी शिकते, घरी जाऊन शिकवते. तुमाला काय तकलीफ हाय?"

"हा वर्ग लेकरांचा आहे."

"राशनच्या लाइनीत मीच उभी राहते," जनकाबाई म्हणाली. "अंगठा एकाचा, धान्य समद्या घराचं. ते बराबर पोचते का न्हाई? मंग हे काहून पोचणार न्हाई?"

लेकरं हसली. विश्वजीत नावाचं पोरगं म्हणालं, "आजी, पट्टा मिळाला तर कमरेला बांधसाल का डोक्याला?"

"तुझ्या तोंडाला बांधते. ये इकडं."

शंकरसिंग हसला नाही. या कामावर त्याचा जीव होता. देवळातल्या पुजाऱ्याची अनुश्री वर्गात आली तेव्हा स्वतःचं नावही तिला मोठ्यानं सांगता येत नव्हतं. आता ती "न्हाई" म्हणून ओरडली की ओट्यांवरची माणसं मान वळवायची. पहिला महिना तो नुसतं ओरडायलाच शिकवी. मग पाय, मग हात. मारायचं नाही, सुटायचं. सुटलं की जिथं माणसं आहेत तिकडं पळायचं, हे तो दर रविवारी घोकून घेई. आणि ज्या लेकरांना याची गरज, त्यांनाच लोक घरात कोंडून ठेवतात, याची त्याला चीड होती.

"खरं सांगा," तो म्हणाला. "बापानं अडवलंय का? का लगीन ठरवलं तिचं?"

जनकाबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो एक पाऊल मागं सरला.

"हे पुन्यांदा विचारू नका," ती म्हणाली.

"मग ऐका. पुढच्या रविवारी राणी आली न्हाई, तर तिचं नाव काटतो. तुमीही येऊ नका."

"काटा. पण एक राहिलंय. मागून धरलं, तोंड दाबलं, तर कसं सुटायचं? तेवढं दाखवा, मंग काटा."

"पोरगी येईल तवा दाखवीन."

"आत्ता दाखवा."

"न्हाई म्हणलं ना."

तिनं पदर सोडला, चपला घातल्या आणि जीपकडं निघाली. मागं वळून पाहिलं नाही.

शंकरसिंगचा राग उतरला नाही. बुधवारी दुपारनंतर त्यानं वहीतला राणीचा पत्ता पाहिला आणि मोटारसायकल काढली. राणीच्या बापाला चार शब्द सुनवायचे असं ठरवूनच तो निघाला. डांबर संपल्यावर तीन किलोमीटर पायवाट होती. दोन्हीकडं कमरेच्या वर हळद. वाटेत एकही माणूस दिसलं नाही. दप्तरं घेऊन पोरी रोज याच वाटेनं जात असणार, असं त्याच्या मनात आलं आणि बापावरचा राग आणखी वाढला.

वस्तीजवळ येताच त्यानं गाडी थांबवली. विहाराच्या मागून आवाज आला. "न्हाई." एका पोरीचा नव्हे, पुष्कळ पोरींचा.

मोकळ्या जागेत शाळेच्या कपड्यांतल्या चौदा पोरी दोन ओळींत उभ्या होत्या. मध्ये जनकाबाई. तिनं एकीचं मनगट आवळून धरलं होतं.

"अंगठ्याकडं ओढ, अंगठ्याकडं. शेण थापून राहिली का? धरणारा लाड करणार न्हाई तुझे."

वाक्य शंकरसिंगचं होतं. शेण तेवढं तिचं.

पोरीनं हिसका दिला, हात सुटला, आणि ती विहाराच्या दाराकडं पळाली, जिथं दोन बाया बसल्या होत्या.

शंकरसिंग पुढं गेला. कुणाला सुनवायचं होतं ते विसरला.

"आजी, एका नावावर चौदा पोरी?"

"लेकरांशिवाय घेत न्हाई म्हणले तुमी. मंग नाव दिलं." तिचा आवाज अजून रविवारचाच होता. "समद्या या वाटेनं शाळेत जातात. समद्यांना जीपनं आणू का?"

"मला सांगायचं होतं."

"आता आलात ना? मागून धरलेलं दाखवा."

तिनं पाठ फिरवली आणि उभी राहिली. शंकरसिंगनं तिला मागून धरलं, तोंडावर हात ठेवला. मग पोरींना ऐकू जाईल असं एकेक सांगितलं. हनुवटी छातीला. अंग सगळं खाली सोडायचं. टाच त्याच्या पंज्यावर. कोपर बरगडीत. वळायचं आणि पळायचं.

जनकाबाईनं टाच अशी मारली की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरी हसल्या. ती हसली नाही. पुन्हा पाठ फिरवली.

"अजून एकदा."

पाच वेळा झालं. मग पोरींनी जोड्या लावून केलं. सगळ्यात लहान पोरीला तिसऱ्या खेपेला जमलं, तेव्हा शंकरसिंगनं लंगडत जाऊन तिची पाठ थोपटली. ही नक्कीच राणी असणार, असं त्याला वाटलं.

"नाव काटत न्हाई मी," तो जनकाबाईला म्हणाला. "राणी हीच ना?"

जनकाबाईनं कमरेचा पदर पुन्हा घट्ट खोचला.

"ही शिवकन्या," ती म्हणाली. "राणी २०१९ साली वारली. ऑगस्टच्या वीस तारखेला, मंगळवारी, शाळेतून येताना, याच वाटेवर."