पाच वाजेपर्यंतची माती

“पाच वाजेपर्यंत थांबतो, आबा. पाचाला तक्रार नोंदवणार म्हणजे नोंदवणार,” गावचा नवा पोलीस, लेफ्टनंट एर्मेक म्हणाला. त्यानं ग्रामकचेरीच्या भिंतीवर डकवलेल्या कागदावर बोट ठेवलं. पोलिसांनी यंदा कशावर भर द्यायचा, त्याची राजधानीहून आलेली यादी. पहिलंच कलम: आलेली प्रत्येक तक्रार त्याच दिवशी नोंदवावी.

“तिसरं कलम वाच की,” म्हातारा मामबेत म्हणाला. “गुन्हे रोखण्यात गावकऱ्यांचा सहभाग.”

“म्हणजे बैठका, आबा. फलक. माती नव्हे!”

मामबेत नुसता हसला. एकतीस वर्षं या गावाचा पोलीस तोच होता. असा कागद तेव्हाही दरवर्षी यायचा. एका वर्षी दारुडे, एका वर्षी मेंढीचोर, एका वर्षी तर बिनदिव्याच्या सायकली. तो कागद खिळ्याला टोचून ठेवायचा, आणि कुणाचं काही हरवलं की गावाला माती आणायला सांगायचा. प्रत्येकानं आपल्या दारची माती रुमालात बांधून आणायची आणि एकेकट्यानं आडोशाला जाऊन ढिगावर ओतायची. ज्यानं वस्तू उचलली असेल त्यानं ती मातीतून परत करायची. कोणी, ते कधीच विचारायचं नाही. काय काय निघालं होतं त्या ढिगांतून! चांदीचा लगाम, शाळेची घंटा, एकदा तर चक्क डॉक्टरची कवळी. साऱ्या नोकरीत त्यानं बेड्या घातल्या त्या दोनदाच, आणि दोन्ही वेळा बाहेरगावच्या माणसाला. काय दिवस होते ते!

या वेळी हरवली होती शारकानबाईची चांदीची कर्णफुलं. परवाच्या जेवणावळीनंतर ती सापडेनात, तेव्हा शारकाननं साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सुनेचं नाव घेतलं. आयझादा, सहा महिन्यांपूर्वी आलेली पोर. नवरा वर कुरणावर मेंढ्यांपाशी. ती रडत नदीकाठी मावशीकडे गेली, ती अजून तिथंच होती. एकदा नाव सरकारी कागदावर चढलं की तिला घरात कोण घेणार? मामबेतला तीच धास्ती होती.

त्यानं दोन खांबांमध्ये जुना नमदा, लोकरीचा जाड पडदाच तो, बांधला होता. त्याच्याआड लोक जाऊ-येऊ लागले. शारकान सगळ्यांच्या आधी येऊन ओतून गेली आणि बाकावर जाऊन बसली. मग बायका आल्या, पोरी आल्या, तरणे बाप्ये प्लास्टिकच्या पिशव्या हलवत आले.

“मामबेतदादा, माझ्या मातीत बटाटे निघाले तर परत द्या हं!” एक बाई म्हणाली.

“तुझ्या मातीत दगडच निघायचे गं बाई!”

हशा पिकला. मामबेतला वाटलं, आपण तीस वर्षांनी लहान झालो.

सगळ्यात शेवटी आयझादा आली. रुमालातून ओली वाळू गळत होती. ती नमद्याआड गेली तसा हशा थांबला.

पाचाला दहा मिनिटं असताना मामबेतनं नमदा सोडला आणि लोकांकडे पाठ करून तो ढीग चाळायला बसला. बोटांना एक ढेकूळ लागलं. त्यानं ते फोडलं आणि हात वर केला. कर्णफुलं! गावानं एकच गलका केला. एर्मेकनंसुद्धा सुस्कारा टाकला.

“शेवटी कोण येऊन गेलं ते दिसलंच की सगळ्यांना,” मागून कुणीतरी म्हणालं.

“मी नुसती वाळू आणली, आबा,” आयझादा म्हणाली. “आईशपथ, नुसती वाळू.”

बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. मामबेत चरकला. पूर्वी वस्तू मिळाली की विषय मिटायचा. की तेव्हाही कुणीतरी असंच खाली मान घालून घरी जात होतं आणि ते आपल्याला दिसलंच नाही?

त्यानं मूठ उघडून पाहिलं. ढेकूळ लाल मातीचं होतं. गावात लाल माती एकट्या शारकानच्या अंगणात, जुन्या वीटभट्टीच्या टेकाडावर, आणि त्या घरात दोन दिवस तिच्यावाचून दुसरं कुणी नव्हतं. बाईनं स्वतःच कुठंतरी जपून ठेवली असणार. विसरली, बोंब मारली आणि मग सापडल्यावर सांगायला तोंड उरलं नाही.

नाव घ्यायचं नाही, हा नियम त्यानं जन्मभर पाळला होता. तो उठला, शारकानसमोर गेला आणि तळहात पुढे केला.

“माती पुसलेली नाही,” तो हळूच म्हणाला. “नीट बघून घे.”

शारकाननं पाहिलं. तिचा चेहरा उतरला.

“मग काकू, तक्रार लिहू का?” एर्मेकनं विचारलं.

“गप रे तू!”

ती उठली. कर्णफुलं तिनं आपल्याच बाहीला पुसली आणि लोकांमधून वाट काढत आयझादासमोर जाऊन उभी राहिली. त्यांच्यात मागणी घालताना सासू होणाऱ्या सुनेच्या कानात डूल घालते, ते एकदाच. पुन्हा कुणी घालत नाही. शारकाननं पोरीच्या डोक्यावरचा रुमाल मागे सारला. सगळं गाव बघत होतं. तिच्या बोटांना कानाचं भोक सापडेना.

“हलू नकोस गं,” ती म्हणाली. “आधीच फार दुखवलंय मी तुला.”