तुलनेचा गट

मानसशास्त्र शिकलेली चारुता पनवेलहून रोज जासईच्या एका कंटेनर यार्डात जायची. कर्मचाऱ्यांचा ताण कमी व्हावा म्हणून तिने गेट विभागाचं पाच दिवसांचं शिबिर घेतलं आणि तुलनेसाठी कागदपत्र विभागाला मुद्दाम वगळलं. उद्घाटनापुरते आलेले मॅनेजरसाहेब पाचही दिवस पहिल्या रांगेत ठाण मांडून बसले, सगळ्यांना श्वास कसा घ्यायचा ते ओरडून सांगत.

शेवटी ताण मोजला, तर शिबिरवाल्यांचा जराही हलला नव्हता आणि वगळलेल्यांचा निम्म्यावर आला होता. चक्रावलेल्या चारुताने कागदपत्र विभागातल्या रंभाताईंना विचारलं, "ताई, तुम्ही असं केलंत तरी काय?"

"आमी काय नाय केला, बाय. साहेब पाच दिवस तुज्याकडं होता, आमाला दोन घास सुखानं खाया मिलाले. पन ह्या कुठं लिहू नको हां!"

चारुताने शब्द पाळला. अहवालात कारण लिहिलं नाही, फक्त आकडे चोख दिले.



"या लोकांना कामाचा ताणच उरलेला नाही," असं म्हणत साहेबांनी दुसऱ्याच दिवशी आपलं टेबल रंभाताईंच्या समोर आणून मांडलं.